मालेगावचा 'शोले' कोणाच्या मालकीचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ आम्हाला पाठ आहे. दुसऱ्याच्या कलाकृतीवरील हक्काचा जाणूनबुजून भंग करणाऱ्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास, आणि दंड किमान पन्नास हजार रुपये, कमाल दोन लाख. वकिलीच्या धंद्यात असे आकडे डोक्यात बसलेले असतात. म्हणूनच मालेगावच्या नासिर शेख या तरुणाने २००० साली 'मालेगाव के शोले' नावाचा विनोदी चित्रपट सुमारे पन्नास हजार रुपयांत काढला आणि त्यातून त्याला दोनएक लाख मिळाले, असे वाचले तेव्हा आम्हाला आधी हसू आले आणि मग विचार करावा लागला. कायद्याने किमान दंड म्हणून जी रक्कम ठरवली तेवढ्यात या माणसाने अख्खा चित्रपट उभा केला, आणि जी रक्कम कमाल दंड म्हणून ठरवली तेवढी त्याची कमाई! दंडाचे आकडे ठरवणाऱ्यांनी असा निर्माता कधी डोळ्यांसमोर आणला असेल काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. तो याच नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांच्या जीवनावर आहे. वरुण ग्रोव्हर यांनी तो लिहिला असून आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह, शशांक अरोरा या नटांनी मालेगावच्या माणसांची कामे मनापासून केली आहेत. आम्ही तो पाहिला, आम्हाला तो आवडलाही. त्यानंतर आमच्या बार रूममध्ये चहाच्या वेळी त्यावर चर्चा झाली. नटांची नावे सर्वांना ठाऊक होती. परंतु मूळ 'मालेगाव के शोले' तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे काय, असे आम्ही विचारले तेव्हा सगळे गप्प. ज्या चित्रपटावर चित्रपट निघाला, तो कोणी पाहिलेला नाही आणि तो कोठे मिळेल हेही कोणाला सांगता येईना. या एका गोष्टीवर आम्हाला आज लिहायचे आहे.

मालेगाव हे आमच्यासाठी नकाशावरचे नुसते नाव नाही. यंत्रमाग कामगारांच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणांसाठी आम्हाला तेथे अनेकदा जावे लागते. नाशिकहून आग्रा रोडने एसटीत बसले की शंभरेक किलोमीटरवर हे गाव. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसलेले. मोसम पुलाच्या एका अंगाला कॅम्प, संगमेश्वर, तर दुसऱ्या अंगाला मुस्लिम कामकरी वस्ती. पूल एकच, पण तो ओलांडताना माणसे अजूनही मनात हिशेब करतात. पूर्वेच्या वस्तीत शिरले की यंत्रमागांचा खटखटाट कानावर आदळतो. पत्र्याच्या शेडमध्ये दाटीने लावलेले माग, हवेत कापसाचे तंतू, बारा-बारा तासांची पाळी, आणि मजुरी कापडाच्या मापावर. वीज गेली की माग बंद आणि माग बंद की मजुरी बंद. २००० नंतरच्या दशकातील भारनियमनाने या गावाचे जे हाल केले ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक.

येथील विणकर हे मोमीन-अन्सारी. १८५७ च्या बंडानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून पाठीवर माग बांधून जी कुटुंबे दक्षिणेकडे आली, त्यांची ही वस्ती. जोलाहा म्हणून ज्यांना हिणवले गेले ते हे लोक. 'पाकिस्तान अथवा भारताची फाळणी' या ग्रंथात बाबासाहेबांनी १९०१ च्या बंगाल जनगणनेचा आधार घेऊन मुसलमानांतील अश्रफ, अजलफ आणि अर्जल असे थर दाखवले आहेत. त्यात जोलाहा हे अजलफांत, म्हणजे खालच्यांत मोडतात. ज्या कबीराला बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंमध्ये स्थान दिले, तो कबीरही मागावर बसणाराच होता. तेव्हा मालेगावचा विणकर आपल्या चळवळीला परका नाही, हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण आपल्यातीलही काही मंडळी वर्तमानपत्रातील मथळे वाचूनच या गावाविषयी मत बनवतात.

या गावाला दोन व्यसने. एक चहा आणि दुसरे सिनेमा. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी नमाज झाली की गर्दी थिएटरकडे आणि व्हिडिओ पार्लरकडे वळते. नासिर शेख असेच एक व्हिडिओ पार्लर चालवीत असत. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली, जॅकी चॅन यांचे चित्रपट ते लावायचे. दोन व्हीसीआर जोडून नको तो भाग काढून टाकायचे, हवा तो जोडायचे. संकलनाचे एवढेच त्यांचे शिक्षण. ना पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, ना मुंबईत कोणी मामा-काका. पुढे चोरीच्या कॅसेटींवरून पोलिसांचा त्रास सुरू झाला तेव्हा, दुसऱ्याचा दाखवला तर गुन्हा होतो ना, मग आपलाच काढू, या हिशेबाने त्यांनी चित्रपट काढायचे ठरवले.

आमच्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या वस्तीत आम्ही लहान असताना भीमजयंतीच्या आदल्या रात्री वर्गणी काढून भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला जायचा. पटांगणात पोती टाकून रात्रभरात तीन पिक्चर. कॅसेट मध्येच अडकायची, पडद्यावर मुंग्या यायच्या आणि तेवढ्या वेळात कोणीतरी उठून अमिताभचा संवाद आपल्या वस्तीच्या बोलीत म्हणायचा. माणसे पिक्चरला जेवढी हसायची त्यापेक्षा त्या संवादाला अधिक हसायची. नासिर शेख यांनी तेच हसणे कॅमेऱ्यात धरले, असे आम्हाला वाटते.

त्यांनी निवडला 'शोले'. १९७५ चा, रमेश सिप्पींचा, सलीम-जावेद यांनी लिहिलेला. गावातलेच चेहरे शोधले. जो अमिताभसारखा दिसतो तो अमिताभ आणि ज्याची ढब गब्बरची तो गब्बर. कोणी मागावर काम करणारा, कोणी हॉटेलवर. सुट्टी असेल तेव्हा चित्रीकरण. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा. कॅमेरा हलता ठेवायचा तर सायकलवर बसून, उंचावर न्यायचा तर बैलगाडीच्या आधाराने. भाषा मालेगावची, म्हणजे पूर्वेकडून आलेली उर्दू, तिच्यात खान्देशी आणि मराठी शब्द मिसळलेले. आणि गब्बरच्या टोळीला घोडे कोठून आणायचे? म्हणून डाकू सायकलींवर! मूळ चित्रपटात रेल्वेगाडीवर दरोडा पडतो. येथे डाकू पायडल मारीत बसचा पाठलाग करतात.

येथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. 'शोले'तील घोडा हे नुसते वाहन नाही. तो ठाकूरच्या जगाचा भाग आहे. ज्या देशात घोड्यावर बसून वरात काढली म्हणून आपल्या नवरदेवांना खाली ओढून मारहाण होते, त्या देशात घोडा कोणाचा आणि सायकल कोणाची हे वाचकांना सांगायला नको. मालेगावच्या कामगाराने घोडा काढून सायकल आणली ती पैसे नव्हते म्हणून, हे खरे. परंतु पडद्यावर तो डाकू धापा टाकीत पायडल मारताना दिसला की रामगढ, ठाकूर, हवेली, तो सगळा दरारा क्षणात पोकळ वाटू लागतो. लोक हसतात ते डाकूला आणि ठाकूरला दोघांनाही. मूळ 'शोले'त गावकऱ्यांना बोलायला फारसे मिळतच नाही. ठाकूर ठरवतो, ठाकूर पैसे देतो, ठाकूर सूड घेतो आणि गाव बघत राहते. मालेगावात ते बघत राहणारे गावच उठून सगळ्या भूमिका करू लागले.

आता शहाणी माणसे म्हणतील, वकीलसाहेब, ही तर सरळ नक्कल आहे. तर मग हिशेब पुरता करू. 'शोले'वर अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ च्या 'सेव्हन समुराय'चा आणि पाश्चात्त्य काऊबॉय चित्रपटांचा ठसा आहे, हे चित्रपटाचे अभ्यासक वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. तेथे शब्द वापरला जातो 'प्रभाव'. मालेगावच्या माणसाने तेच केले की शब्द होतो 'नक्कल', आणि फारच प्रेम आले तर 'जुगाड'. आम्हाला या जुगाड शब्दाची चीड येते. गरिबाकडे साधन नाही ही अन्यायाची गोष्ट आहे. तिच्यावर गोंडस नाव चिकटवून वातानुकूलित सभागृहात टाळ्या वाजवणे ही त्याहून वाईट गोष्ट. सायकलवर कॅमेरा बांधावा लागला याचे कौतुक करण्याआधी तो का बांधावा लागला, हे तर विचारा! आपले शाहीर सिनेमाच्या गाजलेल्या चालींवर भीमगीते बांधीत आले. ती गीते खेड्यापाड्यांत पोहोचली आणि लोक मूळ गाणे विसरले, भीमगीत लक्षात राहिले. त्यांनाही त्या काळी कोणी मोठे संगीतकार म्हटले नाही. चाल उसनी होती आणि माणूस आपला होता, एवढेच.

परंतु कायदा भावनेवर चालत नाही, तेव्हा कायद्याकडेच वळू. आमचा धंदाच तो आहे.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. टीका किंवा समीक्षा यासाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर केला तर तो हक्कभंग ठरत नाही. विडंबन हा शब्द मात्र त्या कलमात कोठेही नाही. त्यातही गंमत अशी की, २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी ही रास्त वापराची सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कला या कृतींपुरतीच होती. चित्रपट त्यात नव्हता. म्हणजे २००० साली नासिर शेख यांच्याविरुद्ध कोणी खटला भरला असता तर त्यांच्या वकिलाला हे छप्परही नीट मिळाले नसते.

मग काहीच आधार नव्हता काय? होता. केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा एक निकाल आहे, आणि आमच्या मते तो चळवळीतील प्रत्येक लेखक-कलावंताने समजून घ्यावा असा आहे. तोप्पिल भासी यांचे मल्याळममधील अतिशय गाजलेले नाटक होते, 'तुम्ही मला कम्युनिस्ट बनवले' अशा अर्थाच्या नावाचे. सिविक चंद्रन यांनी त्याला उत्तर म्हणून प्रतिनाटक लिहिले. नाव, 'तुम्ही कोणाला कम्युनिस्ट बनवले?' अशा अर्थाचे. त्यांनी मूळ नाटकातील पात्रे घेतली, प्रसंग घेतले, आणि ज्यांच्या रक्तावर ती चळवळ उभी राहिली त्या दलित-भूमिहीनांच्या पदरात शेवटी काय पडले, हा प्रश्न रंगमंचावर विचारला. मूळ लेखकाच्या वारसांनी दावा लावला. न्यायालयाने पाहिले की ही उचल स्वतःचे नाव करण्यासाठी केलेली नाही, मूळ कृतीवर टीका करण्यासाठी केलेली आहे, आणि प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. बहुजनांना दुसऱ्याच्या कथेत शिरून आपला प्रश्न विचारण्याचा जो हक्क आहे, त्याला न्यायालयाची मोहोर लागली ती अशी.

याच्या उलट २०१५ चे उदाहरण घ्या. 'शोले'वरून बेतलेला 'राम गोपाल वर्मा की आग' हा चित्रपट २००७ साली आला होता. त्यावरील दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने निर्मात्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मोठ्या पैशाने, मोठ्या नटांनी, धंद्यासाठी केलेली ती उचल होती. आमचे म्हणणे असे की, कायद्याला 'आग' आणि 'मालेगाव के शोले' यांत फरक करता आला पाहिजे. एकाने 'शोले'चे नाव विकले. दुसऱ्याने त्या चित्रपटात ज्याला कधी जागा नव्हती त्या माणसाला उभे केले.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे कलम. कलम १३ च्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, चित्रपटाचा मोठा भाग जर दुसऱ्या कृतीवरील हक्काचा भंग करणारा असेल, तर त्या चित्रपटाला स्वतःचा कॉपीराइट मिळतच नाही. वाचकांनी याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. 'मालेगाव के शोले' ही उचल आहे असे एकदा ठरले, की तिच्यात नासिर शेख यांनी घातलेले सायकलींवरचे डाकू, ती भाषा, ते विनोद यांचे रक्षण करणारा मालकी हक्कच उरत नाही. ज्याने दुसऱ्याच्या विहिरीतून पोहरा काढला, त्याचे स्वतःचे पाणीसुद्धा त्याचे राहत नाही! नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांच्या गोष्टीवर मुंबईत जो चित्रपट निघतो, त्याची मालकी मात्र कंपन्यांकडे असते, कागदोपत्री पक्की. यात त्या नव्या चित्रपटाच्या कर्त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी आदराने काम केले आहे. पण व्यवस्था अशी आहे की, गरिबाची गोष्ट सांगणाऱ्याला मालकी मिळते आणि गरिबाला मिळते फक्त कौतुक.

'शोले'च्या यशानंतर 'मालेगाव की शान' आला आणि पुढे या मंडळींनी थेट अमेरिकेच्या सुपरमॅनलाच मालेगावात आणायचे ठरवले. ते चित्रीकरण फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात टिपले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी तो जरूर पाहावा, कारण त्यात खरी माणसे दिसतात. सुपरमॅनचे काम शफीक शेख या तरुणाने केले. तो मागावर काम करणारा. अंगाने इतका किडकिडीत की वारा आला तर पडेल. छातीवर एस च्या जागी मालेगावचा एम. चड्डी बाहेरून, आणि तिला लोंबता नाडा. हिरवा कपडा ताणून त्याला उडवायचे, आणि तो उडतो ते आपल्याच गावाच्या धुरावरून आणि घाणीवरून. चित्रपटातला खलनायक घाणीचा शौकीन आहे. लोकांनी तंबाखू-गुटखा खावा आणि थुंकावे हे त्याला हवे. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि दुरुस्तीसाठी मुंबईला न्यावा लागतो. मध्येच शफीकचे लग्न येते. लेखक फरोग जाफरी यांच्या डोळ्यांत मुंबईचे स्वप्न आहे आणि ते बोलू लागले की हसता हसता आपल्याला गप्प व्हावे लागते.

विनोद म्हणून बघा, पण कशाचा विनोद आहे तेही बघा. जगातील सर्वांत बलवान वीर दाखवायचा आणि त्यासाठी गावातील सर्वांत अशक्त माणूस निवडायचा. हा काही नुसता शारीरिक व्यंगावरचा हशा नाही. यंत्रमाग कामगाराच्या शरीराचे काय होते ते जेवढ्या स्पष्टपणे या चड्डी-नाड्यातल्या सुपरमॅनने दाखवले, तेवढे आम्ही कोर्टात सादर केलेल्या कोणत्याही वैद्यकीय दाखल्याने दाखवले नाही. शफीक शेख २०११ साली कर्करोगाने गेला. ऐन तारुण्यात. २०१२ साली माहितीपट मोठ्या शहरांतील थिएटरांत लागला तेव्हा त्याचा नायक हयात नव्हता.

आम्ही आंधळे कौतुक करणार नाही. या चित्रपटांत मालेगावची बाई नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, कारण गावातील कोणी बाई पडद्यावर यायला तयार नसे, किंवा तिला येऊ दिले जात नसे. ज्या गावात घराघरांत बाया कांड्या भरतात, ज्यांच्या हातांशिवाय धोट्यात धागा जाणार नाही, त्या पडद्यावर एकदाही दिसू नयेत? घोड्याच्या जागी सायकल आणणारी ही कल्पक मंडळी येथे मात्र परंपरेपुढे हात टेकतात. आणि विनोदही प्रत्येक ठिकाणी निर्मळ नाही. ठेंगण्या माणसाला, जाड्या माणसाला नुसते उभे करून हशा काढण्याची सवय या वळणाच्या चित्रपटांना आहे. ही टीका आम्ही आपले समजून करीत आहोत.

याच वर्षांत या गावावर काय गुदरले? २००१ साली दंगल आणि पोलिसांचा गोळीबार. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तानजवळ स्फोट. गावातीलच मुस्लिम तरुण पकडले गेले. नऊ जण. २०११ मध्ये जामीन होईपर्यंत वर्षे तुरुंगात गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तोपर्यंत त्यातील एक जण मरण पावला होता. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात पुन्हा स्फोट, सहा जणांचा बळी. त्या खटल्यातील सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता झाली. दोन्ही वेळा माणसे मेली ती खरी, आणि दोन्ही वेळा कोणी मारली याचे उत्तर न्यायालयातून अद्याप मिळालेले नाही. ज्या गावाने स्वतःविषयी जगाला काही सांगायचे म्हटले तर पोलिसांच्या पंचनाम्याखेरीज दुसरा कागद नव्हता, त्या गावाने त्याच काळात सुपरमॅन उडवला. बाहेरच्यांनी त्यांना भीतीदायक ठरवले होते. त्यांनी स्वतःला हास्यास्पद करून घेतले आणि माणूस म्हणून दिसू लागले. हे धाडस आहे. आपल्यावर आपण हसण्याचा हक्क प्रस्थापितांना जन्मतः मिळतो, दबलेल्यांना तो मिळवावा लागतो.

आमच्या एका अशिलाची गोष्ट सांगतो. यंत्रमागात उजव्या हाताची तीन बोटे गेली. मालकाचे म्हणणे, हा माझा कामगारच नाही. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, एकाच शेडचे कागदावर चार तुकडे, म्हणजे कोणत्याही तुकड्यात कायद्यात ठरलेल्या संख्येएवढी माणसे भरू नयेत आणि कारखान्यांचा कायदा लागू नये. पहिल्यांदा तो आमच्याकडे आला तेव्हा वकीलपत्रावर अंगठा कोणत्या हाताचा घ्यायचा असा प्रश्न पडला. त्याने हात पुढे केला आणि हसत म्हणाला, "वकील साब, देखो, मैं भी ठाकूर हो गया." आमच्या ऑफिसातील मुलाला हसावे की नाही कळेना. तो मात्र पुन्हा हसला आणि म्हणाला की त्याच्या मोहल्ल्यात 'शोले' लागला तेव्हा तो लहान होता, दोनदा पाहिला, पैसे वसूल.

आम्ही त्याला विचारले, आता तो चित्रपट कोठे पाहायला मिळेल? त्याला माहीत नव्हते. कोणाकडे तरी सीडी असेल, म्हणाला, नाहीतर कॅसेट असेल, पण आता व्हीसीआर कोणाकडे आहे!

व्हीएचएसची फीत ओलाव्याने, बुरशीने खराब होते. पंचवीस वर्षे झाली. पुण्यात १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथे प्रभात आहे, फाळके आहेत, आणि ते असायलाच हवेत. मालेगावच्या या चित्रपटांच्या मूळ फिती शोधून, त्यांची डिजिटल प्रत काढून, कर्त्यांच्या नावानिशी तेथे जतन कराव्यात, अशी मागणी आम्ही या स्तंभातून करीत आहोत. अभ्यास आणि जतन यांसाठी कॉपीराइट कायद्यातच काही सवलती आहेत. त्यांचा आधार घेऊन पत्राचा मसुदा करण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. नाशिक, मालेगाव, धुळे परिसरात कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील तर त्या भंगारात घालू नयेत, एवढी विनंती. आमच्या अशिलाचे प्रकरण अजून चालू आहे. मालकाचे म्हणणे अद्याप दाखल व्हायचे आहे.